निकेलचा गाळ

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या मोठ्या भावाचं प्लेटिंगचं, म्हणजे धातूच्या भागांवर निकेलचा मुलामा चढवायचं, वर्कशॉप होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने सातपूरच्या एका मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून ते सुरू केलं. मी तेव्हा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि गंगापूर रोडवरच्या कॉलेजांत प्रयोगशाळेतली एखादी जागा निघते का याची वाट बघत होते. दादा म्हणाला, "वाट बघत बसण्यापेक्षा माझ्याकडे ये. मला टाक्या तपासणारं माणूस हवंय." मी गेले, आणि वर्कशॉपला कुलूप लागेपर्यंत तिथेच राहिले.

काम सोपं वाटायचं. विजेच्या स्विचचे, गाड्यांचे छोटे सुटे भाग यायचे. ते तारेच्या जिगवर, म्हणजे आकडे असलेल्या चौकटीवर, टांगायचे, ॲसिडमध्ये बुडवून साफ करायचे, मग निकेलच्या गरम टाकीत सोडायचे. बाहेर काढले की पाण्याने धुवायचे. निकेलचं द्रावण दिसायला सुंदर असतं, पाचूसारखं गडद हिरवं. जिग वर उचलला की ते हिरवं पाणी त्याच्यावरून निथळत राहायचं आणि धुण्याच्या टाकीत जायचं. तिथून गटारात, गटारातून मागच्या नाल्यात. सगळ्या प्लेटिंगवाल्यांचं असंच चालायचं. त्यात काही वावगं आहे असं सुरुवातीला आम्हालाही वाटलं नव्हतं.

मग एक दिवस मागच्या गावातले एक काका आले. त्यांची थोडी जमीन वसाहतीत गेली होती. उरलेल्या तुकड्यात ते मेथी, कोथिंबीर, पालक काढून रोज बाजारात न्यायचे. हातात दारूची जुनी बाटली, तीत पाणी. ती त्यांनी टेबलावर ठेवली.

"माझ्या विहिरीचं हाय. गाय तोंड लावत नाय याला. तुमच्याकडं तपासायची मशीनं हायत म्हणं."

त्यांनी कुणावर आरोप केला नाही. दादाने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मी पाणी तपासलं. त्यात निकेल होतं. थोडं होतं, पण होतं. दादाने मला बाजूला बोलावून विचारलं, "आपलंच असेल?"

"नाल्याला लागून एवढी प्लेटिंगं आहेत. कुणाचं आहे ते कसं कळणार?" मी म्हणाले.

"म्हणजे आपलंही असेल."

त्याने काकांना खरं ते सांगितलं. काका म्हणाले, "तुम्ही निदान सांगितलंत तरी." बाटली तिथेच सोडून ते गेले.

त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. कंपनीत असताना पाहिलेली एक पद्धत त्याला आठवली. निकेलच्या टाकीशेजारी धुण्याच्या तीन टाक्या ओळीत ठेवायच्या. ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं, ते भरून मधल्या टाकीत सांडेल, मधलीतून पहिलीत. भाग मात्र उलट्या दिशेने धुवत न्यायचे. त्यामुळे पहिल्या टाकीतलं पाणी हळूहळू इतकं दाट होतं की ते परत निकेलच्या टाकीतच ओतता येतं. गरम टाकीतलं पाणी वाफेने उडतच असतं, त्याची भरपाई होते. गटारात निकेल जातच नाही.

टाक्या त्याने इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून करून घेतल्या. निकेलच्या टाकीवर आडवी दांडी बसवली, म्हणजे जिग तिच्यावर अडकवून आधी नीट निथळू देता येईल. कामगारांना ते थांबणं जड गेलं, त्यांना घाईची सवय होती. दादा स्वतः दांडीपाशी उभा राहायचा आणि म्हणायचा, "थेंब पडायचा थांबू द्या. तो थेंब आपला आहे."

पहिले काही महिने वाईट गेले. निकेल परत येत होतं, पण त्याच्याबरोबर सगळी घाणही परत येत होती. भागांवर काळपट डाग पडायला लागले. एक पूर्ण लॉट परत आला, पाठोपाठ दुसरा. वहिनी मला म्हणाली, "तुझा भाऊ चांगलं चाललेलं मोडून ठेवणार." मीही तेव्हा तिच्याच बाजूची होते. पण दादाने कोळशाच्या भुकटीतून द्रावण गाळायची सोय केली आणि मी रोज सकाळी आल्या आल्या नमुना तपासायला लागले. हळूहळू डाग गेले. मग अशी चकाकी यायला लागली की तशी पूर्वीही कधी आली नव्हती.

त्यानंतरची दोन-तीन वर्षं आमच्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षं. टाकीत घालायचं निकेलचं मीठ पूर्वीच्या मानाने कितीतरी कमी लागायला लागलं. पाण्याचं बिल उतरलं. द्रावण गाळताना निकेलचा गाळ थोडाच निघायचा, तो आम्ही ड्रममध्ये भरून शेडच्या मागच्या भिंतीशी ठेवायचो. हरसूलकडचा आमचा एक जुना कामगार धुण्याच्या टाक्यांवर असायचा. पूर्वी निकेलच्या पाण्याने त्याच्या बोटांची कातडी सोलून निघायची. एकदा तो हात पुढे करून म्हणाला, "शेठ, यंदा खाज नाय उठली." दादाने त्याचे हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. इतकं खूश झालेलं मी त्याला फार क्वचित पाहिलं.

उद्योजकांच्या एका बैठकीत दादाला बोलावलं. त्याने रात्रंदिवस खपून प्रोजेक्टरसाठी चित्रं काढली. पाणी कसं फिरतं, निकेल कसं परत येतं, त्यातून धंद्याचा फायदाच कसा होतो, हे त्याने नीट समजावलं. मी मागच्या रांगेत बसले होते. संपल्यावर एक प्लेटिंगवाले उठले, आमच्याच नाल्यावरचे. म्हणाले, "छान सांगितलंत. पण नाला फुकट आहे. मग कशाला?"

लोक हसले. दादाही हसला आणि आपली चित्रं गोळा करायला लागला. 

आम्हाला सर्वांत जास्त काम देणाऱ्या कंपनीचे खरेदी अधिकारी एकदा स्वतः बघायला आले. त्यांनी टाक्यांचे फोटो काढले, चहा घेतला, दादाच्या पाठीवर थाप मारली. काही दिवसांनी त्यांनी बोलावून घेतलं. दादा परत आला तेव्हा मी विचारलं, काय झालं.

"म्हणाले, तुमचं निकेल वाचतंय, म्हणजे तुम्हाला प्लेटिंग स्वस्त पडतंय. दर कमी करा."

"पण खर्च आपण केलाय ना?"

"तेच म्हणालो. तर म्हणाले, तो तुमचा प्रश्न."

दर कमी केला. पुढच्या वर्षी पुन्हा कमी करायला लागला. निकेलमध्ये वाचलेले पैसे असे सगळे त्यांच्याकडे गेले. शेवटी आम्ही आणि तो नाला फुकट म्हणणारा एकाच दराला आलो. फरक इतकाच की टाक्या, गाळणं, माझी तपासणी हे सगळं आम्हाला सांभाळायचं होतं आणि त्याला नव्हतं.

मग तो उन्हाळा आला, ज्यात मागच्या गावातल्या बऱ्याच विहिरींचं पाणी बिघडलं. गावाने तक्रार केली, वर्तमानपत्रात आलं. सरकारी माणसं आली, नाल्यातून नमुने घेतले. नमुने वाईट निघाले आणि नाल्याकाठच्या सगळ्या प्लेटिंगवाल्यांची वीज तोडायचा आदेश निघाला. त्या यादीत आम्हीही होतो.

आदेश घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला दादाने आत नेलं. तीन टाक्या दाखवल्या. गटाराच्या तोंडाशी नेऊन म्हणाला, "साहेब, नाल्यातलं नका घेऊ. माझ्या पाइपातलं घ्या. इथे उभं राहून घ्या."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने वाकून पाइपात पाहिलं. तो जवळजवळ कोरडा होता. "दिसतंय मला," तो म्हणाला, "पण आदेश सगळ्या लाईनीवर आहे. तुम्ही अर्ज करा."

अर्ज केला. दादा कार्यालयाच्या बाकावर जाऊन बसायचा, मी वर्कशॉपमध्ये थंड पडत चाललेल्या टाकीपाशी. हिरव्या द्रावणाच्या तळाशी खडे बसायला लागले होते. बाकीच्यांनी काय केलं ते मला नक्की ठाऊक नाही. कुणी दुसऱ्या शेडमध्ये काम हलवलं, कुणी ओळख काढली. पावसाळा संपायच्या आत त्यांच्या मशीनचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. आमचा अर्ज मंजूर झाला तोवर कंपनीने काम दुसऱ्याला दिलेलं होतं. त्यालाच, नाला फुकट म्हणणाऱ्याला. खरेदी अधिकारी दादाला फोनवर म्हणाले, "आमची लाईन थांबवता येत नाही हो. वाईट वाटतं."

दादाने माणसं कमी केली. हरसूलचा कामगार जाताना दादाच्या पाया पडायला वाकला, तर दादानेच त्याला धरून उभं केलं. पुढे तो द्राक्षबागांच्या कामाला जातो असं ऐकलं. थोडे दिवस आम्ही किरकोळ कामावर ओढत नेलं. मग वर्कशॉप बंद केलं. चालू परवानाही त्याबरोबर संपला.

द्रावण एकाने विकत घेतलं. टाक्या भंगारात गेल्या. राहिले गाळाचे ड्रम. हा गाळ विषारी, तो कुठेही टाकायचा नसतो. असा गाळ घेणारी एक जागा लांब कुठेतरी सुरू झाल्याचं कळलं म्हणून दादा तिथे गेला. तिथल्या माणसाने सांगितलं, आम्ही फक्त चालू कारखान्याचा घेतो, परवान्याचा कागद आणा. परवाना देणाऱ्या कार्यालयाने सांगितलं, बंद कारखान्याला परवाना नसतो. दादाने दोन्हीकडे पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. दोन्हीकडची माणसं आपल्या जागी बरोबर होती.

ड्रम तिथेच राहिले, म्हणून शेड विकता येईना. दादाने दुसरीकडे तपासनीसाची नोकरी धरली आणि सुट्टीच्या दिवशी तो शेडमध्ये जाऊन ड्रम बघायचा. कुठे गंज चढलाय, कुठून पाझरतंय का. पाझरलं की नवा ड्रम आणून त्यात भरायचा. मी कधीमधी बरोबर जायचे. एकदा मी म्हणाले, "दादा, किती वर्षं हे करणार आहेस?"

"तुला दुसरं काही सुचत असेल तर सांग," तो म्हणाला. मी नव्या ड्रमचं झाकण उघडून धरलं.

अशी बरीच वर्षं गेली. त्याचे केस पांढरे झाले, मुलीचं लग्न ठरलं. शेडला गिऱ्हाईक आलं, एक तरुण व्यावसायिक. सगळं पसंत पडलं. ड्रम बघून म्हणाला, "हे राहू द्या. आमची माणसं आहेत, लावतील विल्हेवाट."

"कुठे लावतील?" दादाने विचारलं.

"ते तुम्ही नका विचारू. तुम्ही सही करा आणि मोकळे व्हा."

दादाने उद्या सांगतो म्हटलं. तिथून तो मला घेऊन थेट काकांकडे गेला. काका खूप म्हातारे झाले होते. भाजी त्यांनी केव्हाच सोडली होती. घराच्या आजूबाजूला लोकांनी प्लॉट पाडले होते. दादाने त्यांना सगळं सांगितलं, ड्रमचं, त्या तरुणाचं. म्हणाला, "बहुतेक नाल्यातच ओततील, काका. म्हणून तुम्हाला विचारायला आलो."

काकांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

"विहीर तर कवाच बुजवली पोरांनी," ते म्हणाले. "आता काय नासायचं राहिलंय? विकून टाका. तुम्ही तरी लय दिवस धरून बसलात."

सुनेने चहा आणला. दादा कपाकडे नुसता बघत राहिला, तेव्हा काका म्हणाले, "घ्या. टँकरचं पाणी हाय."

आम्ही चहा घेतला. दुसऱ्या दिवशी दादाने सह्या केल्या. मी साक्षीदार म्हणून त्यांच्या खाली सही केली.