ग्रोवरजी, कंपनी आणि अविनाश

अविनाशच्या बायकोचा, रोहिणीवहिनींचा फोन आला तेव्हा मी पानिपतच्या गोदामात उभा होतो. समोर ब्लँकेटच्या गाठी ट्रकमध्ये चढत होत्या. "अविनाश गेला, सुहासभावजी," एवढंच त्या म्हणाल्या. मी "निघतो," म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि उरलेल्या गाठी चढेपर्यंत तिथेच थांबलो. पावतीवर सही केली, ताडपत्री नीट बांधली की नाही तेही पाहिलं. याला आता पाच आठवडे झाले. लोक विचारतात, कसा आहेस? मी ठीक आहे, तीच तर पंचाईत आहे. पंचवीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि माझं जेवण, झोप, ऑफिस, सगळं सुरळीत चाललं आहे...

अविनाश दिल्लीचाच. वडील सरकारी नोकरीत, लहानपण सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि मुनिरक्यात खोली घेऊन राहू लागलो, तेव्हा एका गणपतीत, प्रसादाच्या रांगेत तो भेटला. माझ्या बोलण्यात 'ओशाळणं' असा काही शब्द आला की तो अडायचा. "म्हणजे काय रे, यार?" पुढे दोघांनी नोकऱ्या सोडल्या आणि पानिपतची ब्लँकेटं, चादरी महाराष्ट्रातल्या दुकानांना पाठवण्याचा धंदा काढला. गुरुग्राममध्ये छोटंसं ऑफिस घेतलं. माल मी पसंत करायचो, तो पोचवायचं अविनाश बघायचा.

पोचवणं म्हणजे ग्रोवरजी. ग्रोवरजी ट्रकचे दलाल. त्यांचा स्वतःचा एकही ट्रक नाही. दहा ठिकाणी फोन करून कुणाची तरी गाडी जमवून द्यायची, एवढंच त्यांचं काम. गाठी बांधणं, कागद करणं, माल अडकला की दुकानदारांच्या शिव्या खाणं, हे सगळं आमच्या गळ्यात. याउलट थर्ड पार्टी लॉजिस्टिक्स कंपन्या गोदामापासून दुकानाच्या दारापर्यंत सगळंच अंगावर घेतात. गेले दोन हिवाळे आमचा माल थंडी सरता सरता पोचला, जुने दुकानदार तुटायला लागले, तेव्हा मी अशा एका कंपनीचा विषय काढला. अविनाश भडकला. "तिथे मी फोन कुणाला करू? हिंदी के लिए एक दबाएँ? आपली गाडी राजस्थानात बंद पडली तेव्हा ग्रोवरजी स्वतः दुसरी गाडी घेऊन गेले होते, विसरलास?" मी म्हणालो, "गेले, बिल्कुल गेले. पण ती खटारा गाडी पाठवली कुणी होती?" यावर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. खरं तर बरोबर आम्ही दोघंही होतो.

मग त्याचं आजारपण आलं. त्याचं काम मला झेपेना. कोणत्या ड्रायव्हरला काय सांगायचं, कोणत्या दुकानदाराची समजूत कशी काढायची, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. मी कंपनीशी करार करून टाकला. दवाखान्यात त्याने विचारलं, "काम ग्रोवरजींकडेच आहे ना?" हाताला सलाईन, ओठ कोरडे पडलेले. मी म्हणालो, "त्यांच्याकडेच. काही बदललं नाही." तो "अच्छा," म्हणाला आणि माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायला लागला. मला सुटल्यासारखं झालं. बरा होऊन आला की सांगू, भांडेल भांडायचं तेवढं, असं मनाशी ठरवलं होतं. तो बरा झालाच नाही. माझं खोटं माझ्यापाशी राहिलं, आणि त्याचंही मला काही वाटेना.

काल ग्रोवरजी भेटायला ऑफिसात आले. आता थकलेत. मी त्यांच्याकडे सरळ बघत नव्हतो. काम काढून घेतल्याचं ऐकवतील, अशी खात्री होती. त्यांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "गाड़ियाँ ठीक आ रही हैं ना, सुहासजी?" मला कळेना, कुठल्या गाड्या? कंपनीच्या, ते म्हणाले. कंपनीकडे तरी स्वतःचे एवढे ट्रक कुठून असणार. पानिपतहून गाडी हवी म्हणून कंपनीने ग्रोवरजींनाच फोन केला होता. आणि ग्रोवरजींच्या पिढीतल्या दलालांचा एक शिरस्ता असतो, जो इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हता. जुन्या गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्या कुणासाठी उचलायचा, तर आधी त्या गिऱ्हाइकाला विचारायचं. ग्रोवरजींनी विचारलं होतं. अविनाशला, दवाखान्यात फोन करून.

"क्या बोला उसने?"

"बोले, भेज दो, गाड़ी अच्छी भेजना. फिर बोले, सुहास को मत बताना कि मुझे मालूम है. बेचारे ने बड़ी मुश्किल से झूठ बोला है, शर्मिंदा हो जाएगा."

म्हणजे शेवटचे आठ दिवस मी त्याच्या उशाशी बसून ग्रोवरजींची खुशाली रचून रचून सांगत होतो, आणि तो सगळं माहीत असून ऐकून घेत होता. मध्ये मध्ये प्रश्नही विचारत होता!

ग्रोवरजी गेल्यावर मला राग आला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला काही तरी वाटलं, आणि तो राग होता. माफ करायचं तर तोंडावर करावं, चार शब्द सुनावून करावं. असं गुपचूप माफ करून माणूस निघून जातो का? मी उठून ऑफिसातल्या अविनाशच्या खोलीत गेलो. खुर्चीच्या पाठीवर त्याचा राखाडी स्वेटर अजून तसाच आहे, चार्जर प्लगमध्येच लटकतो आहे. मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "अविनाश, मी कंपनीशी करार केलाय. तुला न विचारता." बाहेर कुणाचं तरी टायपिंग थांबलं. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो... त्याने भांडावं म्हणून.