बाथरूमची कडी

वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दाराला आता आतून कडी नाही, नुसती स्क्रूची भोकं आहेत. ती कडी लावून माझी बायको आंघोळीला गेली आणि आत घसरून पडली, ती थेट दाराशी. दार आत उघडणारं. मी, शेजारी आणि वॉचमन बाहेरून धक्के देत होतो, ती आतून ओरडत होती, "अहो, नका ढकलू! मी इथेच आहे!" तरी ढकललं. कडी तुटली आणि दार तिच्या मोडलेल्या खुब्यावर आदळलं.

ऑपरेशन झालं, पण ती अंथरुणातून उठली नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो, "कितीदा बजावलं, कडी लावू नकोस. ऐकेल तर शपथ!" मुलगाही तिला म्हणतो, "आई, बाबांचा जन्म सेफ्टीत गेला. त्यांचं तरी ऐकायचंस." ती भिंतीकडे तोंड फिरवते.

यातलं अर्धं मी परवापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

खडकीला एका कारखान्यात मी सेफ्टी बघायचो. हात आत जाऊ नये म्हणून मशीनवर बसवलेले गार्ड कामगार काढून ठेवत. दंड करून पाहिला, उपयोग शून्य. मग विचारलं, तर गार्ड लावला की आतलं काम दिसतच नव्हतं. पारदर्शक गार्ड बसवले, ते कुणी काढले नाहीत. पुढे प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मी हेच सांगायचो: माणूस नियम मोडतो तेव्हा आधी कारण विचारा.

बायकोला मी कारण विचारलं नाही, कारण ते मला माहीत होतं.

दाढीचा आरसा बाथरूममध्ये. ती आंघोळीला बसलेली असली तरी मी दार न वाजवता आत शिरायचो. ती अंग चोरून म्हणायची, "अहो, निदान दार तरी वाजवा." मी हसायचो. "या वयात कोण बघतंय तुला?" मग तिने कडी लावायला सुरुवात केली आणि मी तिला सुरक्षिततेवर भाषणं देऊ लागलो.

घरात म्हातारी माणसं असतील तर दार बाहेर उघडणारं करून घ्या, बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवा. पण त्याआधी दार वाजवायला शिका. नाहीतर कडी काढलीत तरी ते माणूस दाराला बादली लावून बसेल.

परवा मुलाला हे सगळं तिच्यासमोर सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या बाबा, आता काय त्याचं." ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "सांगितलंत? बरं झालं. भांडं द्या."

तिचं अंग पुसणं, लघवीचं भांडं देणं आता माझ्याकडे आहे. त्या वेळी ती पदर तोंडावर ओढून घेते. तिची हाक ऐकू यावी म्हणून खोलीचं दार उघडंच असतं. मी ते उघडं दार वाजवतो आणि थांबतो. ती "या" म्हणाली की आत जायचं, असं मी ठरवलंय. ती म्हणत नाही. चादर ओली व्हायला नको, म्हणून शेवटी मी तसाच आत जातो.