तुटलेल्या वॉल्व्हचं घनफळ

"कापायचा नाही हं. फॅक्टरी इन्स्पेक्टरला आहे तसा दाखवायचाय," असं म्हणत प्लँट मॅनेजर देसाईंनी गोणपाटात गुंडाळलेला तुकडा माझ्या टेबलावर ठेवला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी मेटलर्जिस्ट होते. धातू का तुटला, हे शोधणं माझं काम. हा तुकडा अ‍ॅसिडच्या पाइपलाइनवरच्या ओतीव पोलादी वॉल्व्हचा होता. आदल्या दिवशी वॉल्व्ह फुटला आणि समोर उभा असलेला ऑपरेटर जयवंत गळ्यापासून कमरेपर्यंत भाजला. सातपाटीच्या मच्छीमार घरातला मुलगा. बोट सोडून कारखान्यात लागला होता.

"वॉल्व्ह जाम झाला म्हणून त्याने हातोडा मारला," देसाई म्हणाले.

"कुणी पाहिलं?"

"हातोडा तिथेच पडला होता."

तुटलेल्या कडेवर बारीक भोकं दिसत होती. ओतताना धातूत वायू अडकला की अशी भोकं राहतात. त्यांना ब्लोहोल म्हणतात. देसाईंच्या मते ती अ‍ॅसिडने वॉल्व्ह फुटल्यानंतर खाल्लेली होती. भोकं वरवरची की आतपर्यंत गेलेली, हे न कापता ठरवायचं होतं.

आमच्या लॅबमध्ये त्याला एकच रस्ता होता, घनता. वजनाला घनफळाने भागायचं. आत पोकळी असेल तर भागाकार अखंड पोलादापेक्षा कमी येतो. वजन सोपं. पण अशा वेड्यावाकड्या तुकड्याची लांबी-रुंदी कुठून मोजणार? म्हणून तो दोऱ्याने तराजूला टांगून आधी हवेत तोलतात, मग पाण्यात बुडवून. पाण्यात जेवढं वजन घटतं, तेवढं पाणी तुकड्याने बाजूला सारलेलं असतं. त्यावरून घनफळ कळतं.

मी तोललं. घनता अखंड पोलादाइतकी आली.

"बघा!" देसाई म्हणाले. "कास्टिंग चांगलंच होतं. तसा रिपोर्ट द्या."

माझं लक्ष पाण्याकडे होतं. तुकड्यातून बुडबुडे येत होते. थांबायचे, पुन्हा एखादा यायचा. मी तुकडा बाहेर काढला, नीट पुसला आणि परत हवेत तोलला. वजन वाढलं होतं. पाणी आत शिरलं होतं. म्हणजे पोकळ्यांची जागा मोजली गेलीच नव्हती. मी नुसता धातू मोजला होता.

"रिपोर्ट आज मिळणार नाही," मी म्हटलं.

देसाईंचा चेहरा उतरला. "मॅडम, वरून फोन येतायत मला."

तुकडा ओव्हनमध्ये सुकवायला ठेवून मी बाहेर आले. पायरीवर जयवंतचे वडील बसले होते. हॉस्पिटलमधून थेट आले होते. मला बघून उठले.

"बाय, त्याला अजून बोलता येतं. सांगतो, मी हातोडा मारला नाय. तो हातोडा फिटरचा हाय. पन माजं कोन ऐकतंय?"

"तुकडा तपासतेय, काका. उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी मी तुकड्यावर मेणाचा थर चढवला. भोकांची तोंडं बंद झाली. पाण्यात सोडला, तर एकही बुडबुडा नाही. मेणाचं घनफळ वजा केलं. आता घनता बरीच खाली आली. दोनदा केलं, उत्तर तेच. अ‍ॅसिड एका रात्रीत एवढं आतवर खात नाही. पोकळी पहिल्यापासूनच होती.

मी देसाईंना फोन केला. "याच लॉटचे वॉल्व्ह अजून लाइनवर आहेत?"

ते म्हणाले, "आहेत. पण प्लँट असा बंद नाही करता येत."

"मग मी इन्स्पेक्टरना कळवते."

इन्स्पेक्टरने लाइन थांबवली आणि तुकडा स्वतःसमोर कापायला लावला. आत स्पंजासारखी जाळी होती. उतरवलेल्या आणखी वॉल्व्हमध्येही तेच निघालं. हातोड्याचा आरोप मागे घेतला गेला. जयवंत मात्र तुकडा कापला त्याच सकाळी हॉस्पिटलमध्ये गेला. त्याला हे कळलंच नाही.

काही दिवसांनी त्याचे वडील लॅबमध्ये आले. उभ्यानेच विचारलं, "मंग त्याची चूक नव्हती?"

"नव्हती, काका."

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "त्याला सांगायचं रायलं."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

ही तपासणी वॉल्व्ह लाइनवर बसवण्याआधीही करता येते. फार तर एक दिवस जातो. पण माझ्या सगळ्या नोकरीत असे तुकडे माझ्याकडे बहुतेक वेळा फुटल्यावरच आले.