गुरुवारचा सद्गुणांचा वर्ग

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. राग गिळत गेलं की ते आपोआप साठतात. आमच्या चर्चच्या गुरुवारच्या वर्गाचे माझ्याकडे असे पुष्कळ साठलेत. विषय काय, तर पहिल्या काही शतकांतले ख्रिस्ती आचार्य सद्गुणांबद्दल काय शिकवत. शिकवणारे साळवे सर, नगरमधल्या एका शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. मीही रिटायर्ड शिक्षिका, पण इथं फक्त ऐकणारी.

*

पहिला धडा नम्रतेचा. सर म्हणाले, आचार्यांच्या मते नम्रता हे सगळ्या सद्गुणांचं मूळ. वर्ग सुटल्यावर वर्गाच्या जाहिरातीच्या फ्लेक्सचं प्रूफ आलं. सरांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं आणि फ्लेक्सवाल्याला सांगितलं, "माझं नाव सगळ्यात खालीच असू दे. फक्त अक्षरं मोठी कर."

*

मग सहनशीलता. वाळवंटात जाऊन राहिलेले जुने साधक अपमान कसा गिळत, हे सर रंगवून सांगत होते. देठे काका आमच्यात सगळ्यात वडील, कानाला मशीन. त्यांनी एकच शंका तिसऱ्यांदा विचारली. सर कडाडले, "ऐकू येत नसेल तर येत जाऊ नका."

काका खरंच यायचे थांबले. मला राहवेना, त्यांच्या घरी गेले. काका म्हणाले, "अगं, सरांचं उत्तर पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पटलं नव्हतं, म्हणून विचारत होतो."

*

माणूस चांगला वागतो तो देवाच्या कृपेनं की स्वतःच्या प्रयत्नानं? यावर जुन्या काळी मोठे वाद झाले म्हणे. आमची पुरुषमंडळी तीन गुरुवार भांडली, चहावर चहा पीत. शेवटी मी विचारलं, "कप कोण विसळणार?"

सर म्हणाले, "ती कृपा तुम्हा बायकांवर आहे."

सगळे हसले. मी कप तसेच टाकून घरी आले.

*

पुढचा प्रश्न, ख्रिस्ती विश्वासाबाहेरच्या माणसाचा सद्गुण खरा का? सर म्हणाले, "नाही, तो नुसता देखावा." त्याच आठवड्यात शिंगणापूरच्या रस्त्यावर त्यांची स्कूटर बंद पडली. शनीला तेल वाहून परतणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं सरांना स्कूटरसकट नगरला आणून सोडलं. वर चहा पाजला. रविवारी सरांनी चर्चमध्ये साक्ष दिली, "देवानं माणूस पाठवला."

मी त्या माणसाचं नाव विचारलं. सर म्हणाले, "नाव कशाला विचारायचं?"

*

ईस्टरच्या आधीचा गुरुवार. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून सर बारा जणांचे पाय धुणार होते. बाराही नावं चर्चच्या कमिटीतली. सगळे घरूनच साबणानं पाय धुऊन, नवे मोजे घालून आले. फक्त एक जण ऐनवेळी आला नाही. त्या खुर्चीत मी सुमनबाईंना बसवलं. त्या चर्च झाडतात. त्या दिवशी कांदे काढायला गेल्या होत्या, तिथून थेट आल्या होत्या. भेगाळलेले पाय मातीनं माखलेले.

सर त्यांच्यापुढं वाकले आणि थबकले. हळूच म्हणाले, "सुमनबाई, आधी नळावर पाय धुऊन या."

सुमनबाईंनी आपल्या पायांकडं पाहिलं, मग सरांच्या हातातल्या तांब्याकडं.

"मी धुऊन आले, तर मंग तुमी काय धुनार, सर?"