मुद्देसाहेबांचा घरचा वाद

सलूनवाल्याला सगळी गल्ली मुद्देसाहेब म्हणे. कात्री हातात घेतली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मुद्दा असा आहे..." मग विषय नळाच्या पाण्याचा असो की शेजारच्या मुलाच्या नोकरीचा, गिऱ्हाईक शेवटी "बरोबर आहे तुमचं" म्हणूनच खुर्चीतून उठे. समोरचा शिंपी म्हणायचा, "गळ्याशी वस्तरा असताना तुम्हाला नाही कोण म्हणेल हो?" मुद्देसाहेबांच्या मते हा निव्वळ मत्सर होता.

घरी मात्र तसली खुर्ची नव्हती.

बायकोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, ऑपरेशन करून घ्या, फार लांबवलंत तर अवघड होईल. बायको नको म्हणाली. मुद्देसाहेबांनी कंबर कसली.

आधी त्यांनी शास्त्र सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि "तुमचं बरोबर आहे" म्हणून कपड्यांच्या घड्या घालायला गेली. मग दाखला दिला, पोस्टमनची आई आता चष्म्याशिवाय पेपर वाचते. "छान झालं हो त्यांचं!" ती म्हणाली. मग ते टोमण्यांवर आले.

"काल मीठ समजून साखर घातलीस!"

"मग काय झालं? तेवढंच तोंडातून गोड निघेल तुमच्या."

शेवटी आवाज चढले. गाडी डोळ्यांवरून घसरली ती थेट लग्नातल्या मानापमानावर जाऊन थांबली. माहेरी आलेल्या लेकीने कपाळाला हात लावला. "बाबा, दरवेळी तुम्हीच जिंकता. मग आई अजून दवाखान्यात न जाता घरातच कशी?"

एके दुपारी बायको नेहमीसारखी डबा घेऊन आली. दुकानावरून पुढे गेली, रस्ता ओलांडून शिंप्याच्या दारात उभी राहिली आणि आत बघून म्हणाली, "अहो, जेवून घ्या. गार होईल." शिंपी एरवी एक संधी सोडत नसे. त्या दिवशी तो मुकाट्याने उठला, तिचा हात धरून तिला इकडे घेऊन आला आणि मुद्देसाहेबांकडे न बघताच परत गेला.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती बाकावर बसली, ओशाळलेली. मुद्देसाहेबांना डबा उघडवेना. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुला नेमकी कशाची भीती वाटते गं?"

इतक्या दिवसांत हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

"डोळा उघडाच असतो म्हणे," ती पदराशी चाळा करत म्हणाली. "पातं समोरून येताना दिसणार. आणि मी हलले तर?" मग तिनेच विचारलं, "तुमच्याकडे माणसं एवढी निवांत कशी बसतात हो?"

मुद्देसाहेब विचारात पडले. "नवा माणूस घाबरतोच. खांदे वर चढलेले असतात त्याचे. मी लगेच वस्तरा लावत नाही. आधी डावा तळवा कपाळावर ठेवतो. खांदे खाली आले की मग सुरुवात."

"आणि नाही आले तर?"

"तर कात्रीने दाढी बारीक करून सोडतो. जबरदस्ती नाही करत."

"डॉक्टरीणबाई ठेवतील का असा हात?"

"माहीत नाही गं." हे शब्द त्यांच्या तोंडाला नवे होते. "उद्या जाऊन विचारू. तुला नाही पटलं तर परत येऊ."

"आणि तिथे वाद घालत बसाल, त्याचं काय?"

"बोललो तर सांग."

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गुडघ्यांवर हात ठेवून बसले. बोलली तीच. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं. थेंबांनी डोळा बधिर होतो, पापणी धरून ठेवायला चिमटा असतो, दिसतो तो फक्त उजेड. खोकला येणार असं वाटलं तर आधी सांगायचं. हात धरायला नर्स असेल. बायकोने तेच प्रश्न पुन्हा फिरवून विचारले. मुद्देसाहेबांच्या जिभेवर दोन मुद्दे आले, दोन्ही त्यांनी गिळले.

"नर्सचा नको. हात यांचा हवा," ती म्हणाली.

"घरच्यांना आत येता येत नाही, आई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तिने एकदा मुद्देसाहेबांकडे बघितलं.

"बरं, दारापर्यंत यांचा, आत नर्सचा," ती शेवटी म्हणाली. "आणि आधी एकच डोळा. दुसऱ्याचं मग बघू."

तारीख ठरली. बाहेर पडताना तिने त्यांचा दंड धरला.

"तुमचं पटलं म्हणून नाही हं. माझं म्हणणं अजून तेच आहे."

"असू दे," मुद्देसाहेब म्हणाले. मग चाल हळू करत हलकेच म्हणाले, "पायरी."