लाल दोरीचा कट्टा

स्मारक नाण्यांचा कोरा करकरीत सेट राईस मिलमध्ये भरडायला पाठवणारी गोंदिया जिल्ह्यातली मी पहिली बाई आहे. दुसरी अजून झालेली नाही. मी चौकशी केली आहे.

मी सौंदडची. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म काढला, त्यामुळे अख्खं गाव मला सिस्टरबाई म्हणतं. नाण्यांचा नाद नोकरीतच लागला. बाळंतपण सुखरूप पार पडलं की घरची म्हातारी माणसं नको नको म्हणताना बाळावरून ओवाळलेलं एखादं जुनं नाणं माझ्या हातात कोंबायची. त्यातलंच एक मध्ये भोक असलेलं तांब्याचं नाणं पाहून मी हरखले, ती अजून भानावर आलेली नाही!

गोंदियाला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नाणी जमवणाऱ्यांची बैठक असते. दहा-बारा पुरुष आणि मी. मी दारात पाय ठेवला की किराण्याचे व्यापारी बन्सीलालजी माझ्या पाठीमागे डोकावून विचारणार, "भाभीजी, भाईसाब नहीं आये?" गेली सात वर्षं हेच! भाईसाबांना नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही, नाणी माझी आहेत, हे मी सात वर्षं सांगते आहे. मग मी पर्समधून एखादं नाणं काढलं की बन्सीलालजी म्हणणार, "अरे, ये तो हमारे पास पहले से है." आणि कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले रहांगडाले सर तेच नाणं पांढरे हातमोजे घालून भिंगाखाली धरणार, पाच मिनिटं उलटसुलट करणार आणि "हं" म्हणणार. एवढंच. "हं." त्या "हं"ने माझं परतीच्या गाडीतलं शेंगदाण्याचं पुडकंसुद्धा गोड लागायचं नाही.

अशात तो नवा सेट निघाला. शेतीच्या गौरवाची तीन नाणी, त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर धानाची भरदार लोंबी! धानाच्या जिल्ह्यातल्या माणसाकडे हा सेट नसेल तर मग कोणाकडे असावा? बुकिंग उघडायच्या अर्धा तास आधीपासून मी मोबाईल हातात धरून बसले होते. गॅसवर दूध उतू गेलं, मी उठले नाही. बन्सीलालजींनी ते काम दुकानातल्या मुनीमाला सांगितलं आणि मुनीम जेवायला गेला. रहांगडाले सर नियम व अटी वाचत बसले. (त्यांच्या वाचून झाल्या तेव्हा सेट संपले होते.)

सेट घरी आला. मखमली अस्तराची निळी डबी, आत तीन गोल पारदर्शक टोपणं, टोपणांत तीन नाणी. आरशासारखी! मी बैठकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. मग एकाने लिहिलं, "बधाई हो." दुसऱ्याने, "असली है ना?" तिसऱ्याने थेट, "बेचना है क्या?" बन्सीलालजींनी आयुष्यात पहिल्यांदा काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, आख्ख्या जिल्ह्यात हा सेट फक्त तुमच्याकडे आहे. मी आणि बन्सीलालजी रविवारी तुमच्याकडे येऊन राहिलो, बघायला."

माझ्याकडे! बघायला! मी फोन ठेवून ओसरीत दोन फेऱ्या मारल्या. आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "लोंबी पाहाले गोंदियावरून येऊन राहिले? बांधावर घेऊन जा ना त्यायले. चार एकर उभी आहे, फुकटात पाहून घेतीन!"

आता खरी पंचाईत होती ती ह्यांचीच. मागे पुतण्याच्या लग्नात आहेराच्या पाकिटावर चिकटवायला रुपया सापडेना, म्हणून ह्यांनी माझ्या कपाटातलं एक दुर्मीळ नाणं डिंक लावून चिकटवलं होतं. वर मलाच म्हणाले, "नाणं नाणंच असते ना? काऊन रडून राहिली?" तेव्हापासून मी कपाटाला कुलूप लावते आणि हे किल्ली हरवतात. तेव्हा सेट अशा ठिकाणी हवा होता जिथे ह्यांचा हात जाणार नाही. मी डोकं चालवलं. (ते चालवायला नको होतं.) मागच्या खोलीत धानाचे चाळीस कट्टे (पोती म्हणा) रचलेले होते. त्यातल्या एका कट्ट्याचं तोंड उसवून मी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली डबी पार मधोमध खुपसली, तोंड शिवलं आणि ओळख म्हणून खुंटीवरची लाल दोरी बांधून टाकली. त्या रात्री मी घोरले म्हणे.

आता ह्या लाल दोरीविषयी सांगायला हवं. आमच्या घरात सासूबाईंपासून एक पद्धत आहे. चिन्नोरचं सुवासिक धान घरच्यांसाठी नसतं. ते वेगळं ठेवायचं, त्या कट्ट्याला लाल दोरी बांधायची आणि पाहुणे आले की तेवढाच कट्टा मिलमध्ये न्यायचा. ही पद्धत पस्तीस वर्षं मीच पाळत आले. ती दोरी खुंटीवर होती याचं कारण यंदाचा चिन्नोर संपला होता, हेही मलाच ठाऊक होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात नाण्यांशिवाय काही नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीने दोघे उतरले. बन्सीलालजी पांढऱ्याशुभ्र सफारीत, सर हातमोजे घालूनच. (म्हणे, गाडीच्या दांड्याचा घाम बोटांना नको.) घरात शिरताच बन्सीलालजींनी चहूकडे नजर फिरवली.

"भाभीजी, भाईसाब नहीं दिख रहे?"

"येतील," मी दात आवळून म्हणाले, चहा दिला आणि सेट आणायला मागच्या खोलीत गेले.

कट्टे एकोणचाळीस होते. लाल दोरी कुठेच नव्हती!

मी ह्यांना फोन लावला. मागे मिलची घरघर.

"अवो, लाल दोरीचा कट्टा कुठं आहे?"

"मिलवर आणला ना!" हे खुशीत होते. "तुये पाहुणे पहिल्यांदाच आपल्या घरी येऊन राहिले. त्यायले जाडा भात वाढाचा का? म्हटलं, ताजा चिन्नोर भरडून नेतो. तू काही टेन्शन नको घेऊ."

"तो चिन्नोर नाही! त्यात माझी नाणी आहेत!"

"मंग हे आधी सांगाचं ना," हे हळूच म्हणाले. "आता त ओतला."

मला ओरडावं की रडावं कळेना. पस्तीस वर्षांत ह्या माणसाने पहिल्यांदा माझ्या पाहुण्यांसाठी आपणहून काही केलं होतं, तेही ह्या मुहूर्तावर! बाहेर दोन जाणकार माझ्या सेटची वाट पाहत बसले होते. खोटं बोलणं मला जमत नाही. मी सगळं सांगून टाकलं.

बन्सीलालजींच्या हातातली खारी चहात पडली. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, धान वाळलेलं होतं ना? ओल नाण्याला फार वाईट."

मिल कोहमाऱ्याच्या रस्त्याला. ऑटो मिळेना. शेवटी मी माझी स्कूटी काढली. पुढे मी, मध्ये भिंग छातीशी धरलेले सर, मागे बन्सीलालजी आणि त्यांचं निम्मं वजन हवेत! ज्या गावाला मी जन्मभर "तिघं बसू नका, हाडं मोडतील" म्हणून रागावले, ते गाव दारात उभं राहून आमच्याकडे पाहत होतं. पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "सिस्टरबाई, पेशंट कोणता आहे त्याइच्यातला?"

मिलमध्ये कोंढ्याची धूळ उडत होती. आमचे हे कोंढ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. सरांनी हातमोज्यांसकट ढिगात उडी घेतली. पाठोपाठ बन्सीलालजी! दोन मिनिटांत त्यांची सफारी आणि कोंढा यांचा रंग एक झाला.

"अवो, तिकडं कायले शोधून राहिले?" मागून आवाज आला. सगुणाबाई होती. धान जिथे ओततात त्या खड्ड्यावरच्या लोखंडी जाळीतून काड्या-खडे वेचायचं तिचं काम. तिच्या दोन्ही लेकी माझ्याच हातावर झालेल्या. "डबी ना? ते त जाळीवरच अडकली होती. म्या जपून ठेवली."

मी तिला मिठीच मारली. "कुठं आहे गं?"

"धानातून लक्ष्मी निघाली जी, सिस्टरबाई! तशीच कशी ठेवू?"

तिने बोट दाखवलं. मशीनशेजारच्या कोनाड्यात देवीच्या तसबिरीपुढे, पाटावर, टोपणांतून बाहेर काढलेली माझी तिन्ही नाणी ओळीने मांडलेली होती. प्रत्येकावर हळदीचं बोट. प्रत्येकावर कुंकवाचं बोट. वर अक्षता. शेजारी नुकताच फोडलेला नारळ आणि नारळाचं पाणी तिन्ही नाण्यांवरून खाली ठिबकत होतं!

ज्या नाण्याला श्वासदेखील लागू नये म्हणून माणसं मास्क लावतात, ते नाणं! माझा हात आपोआप पदराकडे गेला.

"पुसू नका!" सर असे ओरडले की मिलवाल्याने मशीनच बंद केली. "मॅडम, पुसलं की ओरखडे. आहे तसंच राहू द्या."

त्या शांततेत सर कोनाड्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी भिंग लावलं. धानाच्या लोंबीवर कुंकवात उमटलेला सगुणाबाईचा ठसा, रेष अन् रेष स्पष्ट. सर बघतच राहिले.

"माह्यं काही चुकलं का जी?" सगुणाबाईचा चेहरा पडला होता.

"नाही गं," मी म्हणाले. मला रडूच यायचं, पण कोंढ्यात माखलेले बन्सीलालजी दिसले आणि मला हसू फुटलं. मग सगुणाबाई हसली, मग हे.

सरांनी मान वर केली. मी "हं"ची वाट पाहत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "धानाची लोंबी असलेलं नाणं, धानाच्या कट्ट्यातून, धानाच्या मिलमध्ये पुजलं गेलं. असा नग जगात दुसरा नाही."

आता बन्सीलालजी पुढे झाले. वाकले. सवयीने तोंड उघडलं, "अरे, ये तो हमारे पास..." आणि थांबले. भुवयांवरचा कोंढा झटकला. "ये हमारे पास नहीं है, मॅडम."

मॅडम! भाभीजी नाही! सात वर्षांनी! मला त्या कोनाड्यापुढे आणखी एक नारळ फोडावासा वाटला.

दुपारी जेवायला त्याच कट्ट्याचा ताजा भात होता. आमच्या ह्यांनी सवयीने सांगून टाकलं, "खास पाहुण्यायसाठी चिन्नोर आहे, बरं." बन्सीलालजी तीनदा भात घेऊन म्हणाले, "वाह, क्या खुशबू है!" सरांनी एक शीत भिंगाखाली धरलं आणि "हं" म्हणाले. तो आमचा रोजचा जाडा भात होता. मी गप्प बसले. जाणकारांना उगाच दुखवू नये.

पुढच्या बैठकीला सरांनी आग्रहाने ह्यांनाही बोलावलं. आम्ही दारात पोहोचलो तर एक नवीन सभासद मला वाट देत ह्यांना म्हणाला, "आप कौन?"

"मी?" आमचे हे छाती काढून म्हणाले, "मी सिस्टरचा नवरा."

त्या क्षणी माझ्या अंगावर मूठभर नाही, कट्टाभर मांस चढलं. सगळे उठून उभे राहिले. मध्यभागी टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं होतं. सरांनी नवे हातमोजे चढवले, बन्सीलालजींनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "आइये मॅडम, दिखाइये."

मी ऐटीत पर्स उघडली. आत डबी नव्हती; निघायच्या घाईत ती काढायचीच राहिली. डबी घरी होती, अगदी सुरक्षित. ह्यांचा हात पुन्हा कधी लागू नये म्हणून मी ती परत धानाच्या कट्ट्यातच खुपसली होती. आणि यावेळी शहाणपण करून, लाल दोरी मुळीच बांधली नव्हती.

कट्टे आता एकोणचाळीस आहेत. सगळे अगदी सारखे.