वाचता येतंय, चालू करा

९ फेब्रुवारी १९९४. गिरणीचे झिजलेले दगड उतरवून त्यांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरखरीत करायला घेतलं. गिरणी बंद दिसताच दळण घेऊन आलेली म्हातारी पायरीवर टेकली. "आप्पाच्या पोटातलं पाणी बदलायलेत का? बसते मी."

आप्पांना जाऊन पंधरवडा झाला होता. सांत्वनाला ती स्वतः येऊन गेली होती. सवय, दुसरं काय.

तुमच्याही शेजारी असा कोणी असेल, ज्याच्या तब्येतीवर सगळी गल्ली चालते. आप्पा म्हणजे सेलूतले कापसाचे जुने दलाल. मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा रक्त धुवायला आधी रेल्वेने हैदराबादला जायचे. मग नवी सोय निघाली. औषधी पाण्याची पिशवी खुंटीला टांगायची, पोटातलं जुनं पाणी नळीने काढायचं, नवं भरायचं. घरच्या घरी, दिवसातून चारदा.

पथ्य एकच, धूळ नको. आणि भिंतीपलीकडे माझी पिठाची गिरणी! पिशवी टांगली की मी गिरणी थांबवायची.

"तुमच्या पोटासाठी माझा धंदा बसतोय, आप्पा."

"पीठ आत गेलं तर पोळ्या लाटाव्या लागतील, ताई."

काढलेल्या पाण्याची पिशवी ते वर्तमानपत्रावर धरत. पाणी नितळ असलं की अक्षर दिसतं. गढूळ असलं तर पोटात जंतू, म्हणजे जिवाशी गाठ. कापसाचा भाव वाचून झाला की भिंतीवर थाप पडे. "वाचता येतंय. चालू करा."

एकदा थाप आलीच नाही. दळणवाल्या बायका कुरकुरू लागल्या, तशी मी गेले. आप्पा पिशवी धरून बसलेले.

"आज छपाईच खराब हाय," म्हणाले.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पिशवीमागे धरलं. तारखेचा मोठा आकडाही दिसेना.

मानवतहून आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, भाऊ लवकर बरा व्हावा म्हणून, नळीच्या तोंडाला भस्म लावलं होतं. ती रडायला लागली.

"भस्म शिवाचं, अक्का, अन् जंतूबी शिवाचेच," आप्पा म्हणाले. "त्यानं बाजू तरी कोणाची घ्यावी?"

मी दोघांनाही जीपमध्ये कोंबलं.

दवाखान्यातून परतल्यावर पहिल्या पिशवीला अक्का तोंडाला पदर बांधून दारात उभी राहिली. कोणाला आत सोडेना, मलाही नाही. मग अशी थाप पडली की माझ्या फळीवरचा डबा खाली आला.

पुढे ते गेले हृदयविकाराने, झोपेत. आदल्या संध्याकाळचं पाणी नितळ होतं.

टाकी लावून झाल्यावर, दहा फेब्रुवारीला सकाळी, दगड बसवून गिरणी सुरू केली. आप्पांच्या पिशवीची वेळ झाली, तसा हात आपोआप बटणावर गेला. गिरणी थांबली. भिंत गप्प.

कालची म्हातारी दळण घेऊन पुन्हा पायरीवर बसली होती. "आता चालू करा म्हणून कोण सांगणार?"

"तुम्ही सांगा."

"करा की मग. ज्वारी हाय माझी."

केली.